महासाथीतील औषधे आणि म्हातारपणाचा खर्च

‘ऐंशी वर्षांच्या माणसावर एवढा खर्च करायचा का?’ हा प्रश्न २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत पुण्याच्या नारायण पेठेत कोणी मोठ्याने विचारला नसेल. मनात मात्र तो पुष्कळांच्या आला असणार. या पेठेत म्हातारी माणसे पुष्कळ. वाडे पाडून इमारती झाल्या, मुले कोथरूडला नाहीतर कॅलिफोर्नियाला गेली, आणि मागे राहिलेल्या दोघांचे घर निवृत्तिवेतनावर व मुदत ठेवींच्या व्याजावर चालते. अशा घरात कोविड शिरला, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध आणि बँकेतली शिल्लक यांचा मेळ घालण्याची वेळ आली.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. ‘जिवापुढे पैशाचा विचार करायचा नसतो’ हे एक, आणि ‘त्यांचे सगळे करून झाले आहे, तोच पैसा तरुणाच्या कामी यावा’ हे दुसरे. पहिले सभ्य, दुसरे व्यवहारी. दुसऱ्याला विद्वानांचाही आधार आहे. ॲलन विल्यम्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये हाच विचार क्रिकेटच्या भाषेत मांडला होता: ज्याची खेळी पुरेशी झाली, त्याने इतरांना फलंदाजी करू द्यावी. मार्च २०२० मध्ये इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने, खाटा अगदीच अपुऱ्या पडल्या तर अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा घालावी लागेल, असे लेखी म्हटले.

आमचा आक्षेप दोन्ही उत्तरांना आहे. दोन्ही उत्तरे खर्चाविषयी बोलतात आणि माणसाच्या वयाविषयी बोलतात, पण ज्या औषधावर खर्च करायचा त्याने नेमका काय फरक पडतो, किती जणांत पडतो आणि कोणत्या वयात पडतो, हे विचारतच नाहीत. नीतीची चर्चा या माहितीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्रात वापरल्या गेलेल्या काही औषधांचीच उदाहरणे घेऊ.

जून २०२० मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने फॅविपिरॅविर हे औषध ‘फॅबिफ्लू’ या नावाने बाजारात आणले. एका गोळीची किंमत १०३ रुपये. वर्तमानपत्रांत मथळे असे आले की जणू रोगावर उतारा सापडला. आता वर्गात करण्याजोगे एक सोपे गणित पाहा. २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या पहिल्या दिवशी १८ आणि पुढचे १३ दिवस रोज ८, म्हणजे एकूण १२२ गोळ्या. १०३ ने गुणले की १२,५६६ रुपये होतात. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी या खर्चाविषयी आणि कंपनीच्या दाव्यांविषयी तक्रार केली, आणि जुलै २०२० मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी कंपनीकडे खुलासा मागितला. त्याच महिन्यात गोळीची किंमत ७५ रुपयांवर आली.

किमतीची बातमी सर्वांनी वाचली. तक्रारीतला दुसरा मुद्दा मात्र फारसा कोणी वाचला नाही, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा होता. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनाही हे औषध उपयुक्त ठरते असे सांगितले जात होते, परंतु ज्या चाचणीच्या आधारावर मान्यता मिळाली ती हे तपासण्यासाठी आखलेलीच नव्हती. चाचणीत १५० रुग्ण होते, सौम्य ते मध्यम आजाराचे, आणि पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस तीत घेतलाच जाणार नव्हता. विषाणू नाहीसा होण्याचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत ५ दिवस आणि न घेणाऱ्यांत ७ दिवस निघाला; हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतपतच होता. म्हणजे ज्या माणसाच्या भीतीवर औषध खपत होते, रक्तदाब आणि साखर दोन्ही असलेल्या, जिना चढताना दम लागणाऱ्या वृद्धाच्या, त्याच्याविषयी चाचणी काहीच सांगत नव्हती. ग्राहक म्हणून तो पहिला, पुराव्यात मात्र गैरहजर! आणि पैसे वाया गेले की दोष त्याच्या वयाला.

रेमडेसिविरची गोष्ट थोडी निराळी आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात औषधांच्या दुकानांबाहेर या इंजेक्शनसाठी रांगा लागल्या. केंद्र सरकारला त्याची निर्यात थांबवावी लागली. या रांगांच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ या चाचणीचे पहिले आकडे प्रसिद्ध झाले होते. औषध मिळालेल्या २,७४३ रुग्णांपैकी ३०१ दगावले, न मिळालेल्या २,७०८ पैकी ३०३. दोन्हीकडे शंभरात अकरा. हे आकडे कोणालाही समजतील असे आहेत, त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. तरीही आई किंवा वडील रुग्णालयात असलेल्या माणसाला रांगेत उभे असताना हे आकडे सांगायला कोणी नव्हते, आणि सांगितले असते तरी तो रांग सोडून गेला असता असे आम्हाला वाटत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष असलाच तर ज्यांनी ते चिठ्ठीवर सरसकट लिहिले आणि ज्यांनी त्याला ‘संजीवनी’ म्हणून छापले त्यांचा आहे.

याच चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२२ मध्ये आले. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना रेमडेसिविरचा फायदा नाही, हे कायम राहिले. पण प्राणवायू लावलेल्या, व्हेंटिलेटरवर न गेलेल्या रुग्णांत थोडा फायदा दिसला: मृत्यूचे प्रमाण शंभरात १६.३ ऐवजी १४.६. तर हा १.७ चा फरक म्हणजे किती? १०० ला १.७ ने भागले की सुमारे ५९ येतात. ५९ रुग्णांना औषध द्यावे तेव्हा एक जास्तीचा जीव वाचेल. एका रुग्णाला पाच दिवसांत सहा कुप्या लागतात, म्हणजे एका जिवामागे ३५४ कुप्या. २०२० च्या उन्हाळ्यात हेटेरो कंपनीच्या कुपीची किंमत ५,४०० रुपये होती. त्या भावाने एका जिवामागे १९ लाख ११ हजार ६०० रुपये होतात. एप्रिल २०२१ मध्ये झायडसच्या कुपीचा भाव ८९९ रुपये झाला होता. त्या भावाने ३ लाख १८ हजार २४६. काळ्या बाजारातल्या भावाने हिशेब करण्यात अर्थ नाही.

वाचकांनी येथे थोडे थांबून पाहावे. एक माणूस वाचवायला ३ लाख १८ हजार रुपये हा खर्च समाजाच्या दृष्टीने अवाच्या सवा नाही. रस्त्यावरच्या एखाद्या पुलाच्या डागडुजीलाही याहून जास्त जातो. पण खर्च जर एकेका घराने आपल्या खिशातून करायचा असेल, तर चित्र पार बदलते. ५९ घरे पैसे भरतात, त्यांपैकी ५८ घरांना औषधामुळे काहीच वेगळे घडत नाही, आणि आपले घर कोणते हे आधी कळण्याचा मार्ग नसतो. जे सर्वांनी मिळून केल्यास शहाणपणाचे ठरते, तेच एकट्याने केल्यास सोडत ठरते. मुदत ठेव मोडून घेतलेली सोडत. म्हणून ‘वृद्धांवर किती खर्च करावा’ या प्रश्नाला ‘कोणी’ हा शब्द जोडल्याखेरीज उत्तर देता येत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

रक्तद्रवाच्या उपचाराने तर हेही झाले नाही. बऱ्या झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव आजारी माणसाला देण्याचा मोठा प्रकल्प महाराष्ट्र शासनाने जून २०२० च्या अखेरीस ‘प्लॅटिना’ या नावाने सुरू केला. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ३९ रुग्णालयांत चाललेली ४६४ रुग्णांची चाचणी पुरी होत आली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवड निव्वळ योगायोगावर सोडून, रुग्णांचे दोन गट केलेले होते. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू, हे रक्तद्रव घेतलेल्यांत शंभरात १९ जणांत घडले आणि न घेतलेल्यांत १८ जणांत. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचारसूचीतून रक्तद्रव वगळला गेला. तोवर घरोघरची मुले दाते शोधत समाजमाध्यमांवर विनवण्या करीत होती. अशी तुलना करायला आपल्याकडे नव्यानेच शिकावे लागले असेही नाही. १८९८ च्या सुमारास प्लेगच्या काळात मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी घोड्यांच्या रक्तापासून केलेला प्लेगचा रक्तद्रव एक सोडून एक रुग्णाला दिला होता आणि दोन्ही गटांची तुलना केली होती. पुण्यात रँडसाहेबाच्या बंदोबस्ताच्या कथा आपण शाळेत सांगतो, सांगायलाच हव्यात. त्यांच्या शेजारी चोक्सींचे हे काम सांगितल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

आता वयाकडे येऊ. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत वयाची वरची मर्यादा नव्हती, ही तिची मोठीच गोष्ट. जून २०२० मध्ये तिने दाखवून दिले की डेक्सामेथासोन हे जुने, दिवसाला काही रुपयांत मिळणारे औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू शंभरात ४१.४ वरून २९.३ वर आणते. म्हणजे आठ-नऊ रुग्णांमागे एक जीव. रेमडेसिविरच्या ५९ शी याची तुलना करा आणि मग दोन्हींच्या किमतींची करा. पण त्याच चाचणीत सत्तरीच्या आतल्यांना झालेला फायदा जितका स्पष्ट होता, तितका सत्तरीपुढे दिसला नाही. त्याचे एक कारण असे की व्हेंटिलेटरवर गेलेले रुग्ण सरासरीने तरुण होते. व्यवहारी उत्तर देणारे येथे म्हणतील, पाहा, आम्ही सांगत होतो.

त्यांनी दुसरे उदाहरणही पाहावे. पॅक्सलोविड या गोळ्यांचा इस्रायलमध्ये २०२२ च्या सुरुवातीस अभ्यास झाला. ६५ वर्षे व त्यावरील लोकांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, एक लाख व्यक्ति-दिवसांमागे, गोळ्या न घेणाऱ्यांत ५८.९ आणि घेणाऱ्यांत १४.७ होते. ४० ते ६४ या वयात ते १५.८ आणि १५.२, म्हणजे जवळजवळ सारखे. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण दिशा उघड आहे. येथे तरुणावर केलेला खर्च वाया गेला आणि म्हाताऱ्यावरचा कामी आला. कारण साधे आहे. ज्याला धोका मुळात मोठा, त्याचा धोका तितक्याच पटीने कमी केला तरी प्रत्यक्षात वाचणारी माणसे जास्त असतात. हजारात १०० जणांना धोका असेल तो निम्मा केला तर ५० वाचतात, हजारात २ जणांना असेल तर एकच. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस आधी देण्यात आली, ती याच हिशेबाने. त्यात म्हाताऱ्यांविषयीच्या आदराचा भाग कितपत होता कोण जाणे, पण गणित बरोबर होते.

म्हणजे वय पाहू नये असे नव्हे. वय हे औषधाबरोबर पाहावे लागते. ‘पुरेशी खेळी’ वगैरे सिद्धांतात वय एकटेच असते. शिवाय आपल्याकडे वयाची मर्यादा कोणी लिहून घालतच नाही, ती दराने आपोआप पडते. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साधा कक्ष दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. निर्णय चांगलाच होता. परंतु काही महागडी औषधे या दरात धरलेली नव्हती. ज्याचा उपयोग सिद्ध झालेला, त्या खाटेला, परिचारिकेला आणि प्राणवायूला मर्यादा; ज्याचा अजून व्हायचा, त्या औषधांपैकी काहींचे बिल वेगळे.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात राहून जाते: ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याला विचारणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, शेवटच्या टप्प्यातील उपचार नाकारण्याची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आणि नोटरीसमोरचा कागदही पुरेसा ठरवला. मृत्युपत्र करणारे पेठेत पुष्कळ आहेत. हा कागद करणारे फार थोडे. तो कागद खर्च वाचवण्याचे साधन म्हणून पुढे केला गेला तर आम्ही त्याला विरोध करू. माणसाने स्वतः, शुद्धीत असताना, कोणाच्या बँकखात्याकडे न पाहता तो केला तरच त्याला अर्थ.

खर्च वाटून घेण्याच्या बाजूने थोडे काही घडले आहे. २०१३-१४ मध्ये देशातील आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून थेट जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. नारायण पेठेतल्या निवृत्त मुख्याध्यापकालाही ते लागू आहे. फक्त ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, आणि घरी आणल्यावर उठवायला-बसवायला ब्यूरोतून येणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार अजून मुदत ठेवीच्या व्याजातूनच द्यावा लागतो.