वेताळाचा नवा अंक आणि वाचकांचे मतभेद

चित्रकथेतील वीरनायकाचा नवा अंक निघाला की त्याच्या वाचकांत दोन तट पडतात. एकाला तो पूर्वीच्या अंकांच्या तोलाचा वाटतो. दुसऱ्याला नायक बिघडल्यासारखा वाटतो. साहित्यसमीक्षेने या वादाची फारशी दखल घेतलेली नाही. ही अपक्व वाचकांची आवडनिवड, तिला निकष कोठले, असा समज त्यामागे आहे. हा समज तपासून पाहण्यास मराठीतील ‘वेताळा’चे उदाहरण विशेष उपयोगी आहे.

ली फॉक यांचा ‘फँटम’ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत प्रथम अवतरला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. ती इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी आदी भाषांतूनही निघत असे आणि १९९० मध्ये बंद पडली. तिच्या पहिल्या ३२ अंकांत केवळ याच नायकाच्या कथा होत्या. हा नायक अमानवी शक्तीचा नव्हे. पित्याचा मुखवटा पुत्राने धारण करावयाचा, अशी ही एकविसावी पिढी. अरण्यातील लोकांना मात्र तो शतकानुशतके जगलेला एकच अमर पुरुष वाटतो. कथेचा सारा डोलारा या गैरसमजावर उभा आहे, आणि वाचक त्या गुपितात सामील आहे. नव्या अंकाविषयी वाचक काटेकोर होतो तो यामुळेच. परंपरा अखंड राहिली की नाही, हे पाहण्याचा अधिकार कथेनेच त्याला दिलेला असतो. ‘हा आमचा नायक नव्हे’ या तक्रारीत हट्ट असेल. परंतु तीत निकषही आहे.

दुसरा निकष भाषेचा होय. मूळ इंग्रजी नावात आभास, छायारूप, भूत अशा अर्थच्छटा आहेत. मराठीत त्याचा ‘वेताळ’ होताच अर्थक्षेत्र पालटते. वेताळ हा भुतांचा अधिपती, शेंदूर फासलेल्या पाषाणरूपाने पूजिला जाणारा देव. कोकणात व गोव्यात तर तो ग्रामदैवतही आहे. शिवाय ‘वेताळपंचविशी’चा आणि ‘चांदोबा’ मासिकातील विक्रमकथांचा कूटप्रश्न घालणारा वेताळ वाचकाच्या स्मरणात असतोच. इंग्रजीतला नायक माणूस असून भूत समजला जातो. मराठीतला नायक नावानेच भुतांचा राजा ठरतो. त्यामुळे एका वाचकाला हे नाव परक्या वीराला घरचा करणारे वाटते, तर दुसऱ्याची निराशा होते. नावाने भयाचे वचन दिलेले असते आणि पानावर भेटतो घोड्यावरचा पिस्तूलधारी माणूस. वाद कथानकावर चालला आहे असे दिसते. वस्तुतः तो एका शब्दाच्या अर्थावर असतो.

हा प्रश्न सीमाभागात अधिक स्पष्ट होतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. त्यानंतर राज्ये निराळी झाली, बोलींचे व्यवहार मात्र एकमेकांत मिसळलेलेच राहिले. हिंदी आवृत्तीत ‘वेताल’ आणि मराठी आवृत्तीत ‘वेताळ’. भेद एका अक्षराचा आहे. या परिसरातील झाडीबोलीत ‘ळ’ हा वर्णच नाही. पोवारी बोलणारी कुटुंबेही या भागात आहेत. म्हणजे बपेऱ्याच्या वाचकाला मराठी अंक शाळेच्या भाषेत भेटतो, हिंदी अंक बाजाराच्या भाषेत, आणि घरच्या बोलीत तो भेटतच नाही. अशा वाचकाने मराठी संवादांना ‘पुस्तकी’ म्हटले, तर ते अभिरुचीचे दारिद्र्य नव्हे. पात्राची वाणी आणि वाचकाची वाणी यांतील अंतर त्याने अचूक नोंदविले, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोऱ्या पुरुषाने अरण्यातील जमातींचे रक्षण व नियमन करावे, ही कल्पना वसाहतकाळाची आहे. मूळ कथेतील ‘बेंगाली’ हा प्रदेश भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला. या बदलामुळे कथा भारतीय नकाशापासून दूर गेली, असे समर्थन करता येते. सत्तासंबंध कायम ठेवून केवळ नाव बदलले, असेही म्हणता येते. आणि हेच मत अधिक सबळ आहे. कारण स्थळनाम बदलले तरी आज्ञा देणारा आणि ती पाळणारा, हे दोघे जागचे हलत नाहीत.

सर्व मते सारख्याच मोलाची असतात, असा याचा अर्थ नव्हे. ‘पूर्वीसारखी गोडी राहिली नाही’ हे विधान स्मरणरंजन असू शकते. नेमके काय बदलले हे सांगितल्यावरच ते समीक्षा ठरते. परंतु ते विचारण्याआधी वाचकाने कोणत्या भाषेतील आवृत्ती वाचली आणि त्याची घरची बोली कोणती, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे. ते न पाहता केवळ ‘अंक आवडला’ व ‘अंक आवडला नाही’ अशी मोजदाद केली, तर दोन निरनिराळी पुस्तके वाचणाऱ्यांची मते एकाच पुस्तकावरची म्हणून नोंदली जातील. झाडीपट्टीतील वाचकाच्या बाबतीत ही चूक सहज घडण्याजोगी आहे, आणि तिचा दोष त्या वाचकाच्या माथी मारता येणार नाही.