तोफगोळ्याचे माप

सुपरमॅनचे सामर्थ्य अधिक की कल्पित परग्रहवासीयांच्या यंत्रांचे, हा वाद बालिश ठरवून हसण्यावारी नेण्याकडे समीक्षकांचा कल दिसतो. तो सर्वस्वी योग्य नव्हे. पराक्रमांच्या याद्या पुढे करून हिरीरीने भांडणाऱ्या वाचकाचा एक आग्रह असतो : कथेने एकदा जे सांगितले, ते तिने पुढेही पाळले पाहिजे. हा आग्रह वाङ्मयीनच आहे. चूक होते ती मापाच्या निवडीत.

१९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शुस्टर यांनी सुपरमॅनला वाचकांपुढे आणले, तेव्हा तो उडत नव्हता. त्याची उडी मैलाच्या अष्टमांशापर्यंत पोचे. वीस मजली इमारत तो ओलांडी. आणि फुटत्या तोफगोळ्याहून कमी असे काहीही त्याची त्वचा भेदू शकत नसे. आता एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) या कादंबरीतील मंगळवासीयांची त्रिपाद यंत्रे पाहावीत. थेम्सच्या काठी एक गोळा नेमका वर्मी बसतो आणि यंत्र कोसळते. चाळीस वर्षांच्या अंतराने निर्माण झालेल्या या दोन कल्पनांना एकच माप लागू पडावे, हे लक्षणीय आहे. येथे वाद खरोखर संभवतो. मंगळवासीयांचा उष्णकिरण त्या त्वचेला साहवेल काय, हा प्रश्न मुळीच पोरकट नाही.

पुढे मात्र सुपरमॅन ग्रह ढकलू लागला. अंकामागून अंक काढावयाचा, तर कालच्यापेक्षा आजचा पराक्रम मोठा हवा; त्या ओघात पराक्रम हा घटना न राहता विशेषण झाला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील 'डेथ स्टार' एक अख्खा ग्रह नष्ट करतो. पृथ्वीएवढ्या ग्रहाचे असे कायमचे विदारण करण्यास दोनावर बत्तीस शून्ये इतकी ज्यूल ऊर्जा लागेल, हे गणित बिनचूक असते. परंतु अतिशयोक्तीला तराजूत घालून निघालेला आकडा अलंकाराचाच राहतो.

वेल्सचा खरा विशेष त्याच्या यंत्रांच्या बळात नाही. कादंबरीच्या आरंभीच सूक्ष्मदर्शकाखालील जीवांचा दृष्टान्त येतो, आणि अखेरीस मंगळवासी सूक्ष्मजंतूंनीच मरतात. त्यांचा दुबळेपणा कथेच्या गाभ्यातून उगवला आहे. सुपरमॅनला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट १९४३ साली नभोवाणीच्या मालिकेत आले. नायकाला अडविण्यास बाहेरून दगड आणावा लागला! क्षेमेंद्राला हे औचित्य खचित रुचले नसते. १९८६ साली जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडली, ती त्याचे बळ पुष्कळसे घटवूनच.