कथा वीस पानांची, पाठलाग दीड तासाचा

रे ब्रॅडबरी यांच्या 'अ साउंड ऑफ थंडर' या कथेत जग बदलल्याचं कळतं ते एका पाटीवरून. एकेल्स नावाचा हौशी शिकारी २०५५ सालातून डायनोसॉरच्या काळात जातो. समोर टायरनोसॉरस उभा राहताच त्याची गाळण उडते, आखून दिलेली वाट सोडून तो पळत सुटतो आणि त्याच्या बुटाखाली एक फुलपाखरू चिरडलं जातं. परत येतो तेव्हा कचेरी तीच असते, पण हवेला काहीतरी वेगळा वास असतो आणि भिंतीवरच्या पाटीतली स्पेलिंगं बिघडलेली असतात. आदल्या दिवशी निवडणूक हरलेला हुकूमशाही वृत्तीचा उमेदवार आता जिंकलेला असतो. फुलपाखरू परत नेता येणार नाही का, म्हणून एकेल्स गयावया करतो. मोहिमेचा म्होरक्या बंदूक उचलतो आणि गोष्ट संपते. १९५२ साली छापून आलेली ही कथा चहाचा कप संपायच्या आत वाचून होते.

२००५ मध्ये पीटर हायम्स यांनी याच नावाचा चित्रपट केला. त्याच्या मागची साडेसाती मोठी होती. २००२ च्या पुराने प्राग शहरातल्या चित्रीकरणाची वाट लावली, पुढे निर्मिती कंपनीचंच दिवाळं निघालं, संगणकावर तयार केलेली दृश्यं अर्धीकच्ची राहिली. सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून जगभरातून सव्वा कोटीही हाती आले नाहीत. दिग्दर्शकाची कीव यावी अशी ही हकिगत आहे. तरीही पैसा पुरला असता तर चित्रपट वाचला असता, असं मला वाटत नाही, कारण खोट पटकथेत आहे. इथे फुलपाखराच्या मृत्यूचे परिणाम हप्त्याहप्त्याने येतात. शिकागोवर काळाच्या लाटा आदळतात. आधी हवामान बिघडतं, मग झाडं माजतात, मग माकडाच्या तोंडाचे सरडे रस्त्यावर उतरतात आणि माणसाची पाळी सगळ्यात शेवटी येते. असं का? तर नायकाला धावपळ करायला अवधी हवा म्हणून. तो धावतो, भूतकाळात जातो, चूक होण्याआधीच थांबवतो आणि सगळं पूर्ववत होतं. झालेलं पुसता येत नाही, या एका गोष्टीवर ब्रॅडबरींची कथा उभी होती. चित्रपटाने तीच काढून टाकली.

विज्ञानकथांवरचे चित्रपट फसले की 'मूळ कथेशी प्रामाणिक राहिले नाहीत' अशी तक्रार ठरलेली असते. ती मला फारशी पटत नाही. आर्थर क्लार्क यांच्या 'द सेंटिनल' या छोट्या कथेपासून स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) कुठच्या कुठे गेला, त्याबद्दल कुणी हळहळत नाही. हॅरी बेट्स यांच्या १९४० च्या 'फेअरवेल टू द मास्टर' या कथेत खरा मालक यंत्रमानव असतो. १९५१ च्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'ने हा कळीचा शेवट गाळला, तरी चित्रपट आजही बघवतो. बदल करण्यात पाप नाही. विज्ञानकथा बहुधा एकच कल्पना घेते आणि तिच्या टोकापर्यंत जाऊन थांबते. चित्रपटाला दीड-दोन तास भरायचे असतात. ते भरायला पाठलाग येतो, पाठलागाला नायक लागतो आणि नायक आला की त्याला जिंकवावं लागतं. जिंकवायचं तर शेवट बदलणं आलंच. माझी तक्रार या साखळीबद्दल आहे.

ही साखळी कशी चालते याचा जणू प्रयोगच हॉलिवूडमध्ये होऊन गेला आहे. फिलिप के. डिक यांच्या १९५३ च्या 'इम्पोस्टर' या कथेतल्या ओल्हमवर आरोप येतो की तू माणूस नाहीस, शत्रूने पाठवलेला यंत्रमानव आहेस आणि तुझ्या पोटात बॉम्ब आहे. तो जीव तोडून निर्दोषपणा सिद्ध करू पाहतो. शेवटी खऱ्या ओल्हमचं प्रेत सापडतं. आपण कोण हे त्याच्या तोंडून बाहेर पडू लागतं आणि ते शब्दच बॉम्बचा खटका ठरतात. गॅरी फ्लेडर यांनी यावर आधी चाळीसएक मिनिटांचा लघुपट केला होता. तीन विज्ञानकथांच्या एकत्रित चित्रपटातला तो एक भाग असणार होता. मग निर्मात्यांना वाटलं, एवढं चांगलं जमलंय तर पूर्ण लांबीचाच करू. २००२ च्या सुरुवातीला तो तसा प्रदर्शित झाला आणि आपटला. डीव्हीडीवर मूळ लघुपटही दिला आहे, त्यामुळे दोन्ही लागोपाठ बघता येतात. लघुपटात संशय क्षणभरही सैल होत नाही. मोठ्या चित्रपटात ओल्हम झालेला गॅरी सिनीस बोगद्यांतून पळतो, झोपडपट्टीतून पळतो, इस्पितळात लपतो. पळताना बघून बघून तो माणूस की यंत्र, याची आपल्याला फिकीरच उरत नाही. शेवट मूळचाच ठेवलाय, त्याच्या आधी आणखी एक धक्का जोडलाय, पण तोवर आपण कंटाळलेलो असतो. डोनाल्ड वोल्हाइम यांच्या कथेवरचा गियेर्मो देल तोरो यांचा 'मिमिक' (१९९७) हाही त्याच योजनेतला, असाच ताणून मोठा केलेला.

डिक यांचे हाल याहून वाईटही झाले आहेत. 'द गोल्डन मॅन' (१९५४) या कथेतला सोनेरी कांतीचा उत्परिवर्तित तरुण पुढचं सगळं पाहू शकतो, पण तो बोलत नाही आणि विचारही करत नाही. त्याला विचाराची गरजच पडत नाही. उद्याचं जग शहाण्यांचं नसेल, अशा देखण्या पशूंचं असेल, ही डिक यांची भीती होती. 'नेक्स्ट' (२००७) मध्ये निकोलस केज लास वेगासचा जादूगार आहे, त्याला दोन मिनिटं पुढचं दिसतं आणि अणुबॉम्ब शोधायला पोलीस त्याच्या मागे लागतात. पशू गेला, भीती गेली. वर शेवटी आपण बघितलं ते सगळं नुसतं भविष्यदर्शन होतं, असं सांगून प्रेक्षकाला घरी पाठवलं जातं.

याची उलटी तऱ्हा १९६९ च्या 'द इलस्ट्रेटेड मॅन'मध्ये दिसते. ब्रॅडबरींच्या 'द लास्ट नाइट ऑफ द वर्ल्ड'मध्ये जगाची शेवटची रात्र आहे. नवरा-बायको भांडी विसळतात, मुलींना झोपवतात, गप्पा मारतात, झोपतात. नळ उघडा राहिला म्हणून बायको उठून बंद करून येते. बस. चित्रपटवाल्यांना हे शांतपण झेपलं नाही. तिथे मुलांना झोपेतच गोळी देऊन मारायचं ठरतं आणि सकाळी जग जसंच्या तसं असतं. ज्या कथेत काहीच घडत नाही म्हणून अंगावर काटा येतो, तिथे बटबटीत शोकांतिका आणून बसवली.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती 'नाइटफॉल'ची. आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४१ साली, एकविशीत ही कथा लिहिली. सहा सूर्यांच्या ग्रहावर कधीच रात्र होत नाही. २०४९ वर्षांतून एकदा होते आणि तेव्हा लोक वेडे होऊन उजेडासाठी शहरं जाळतात. कथा जवळजवळ सगळी एका वेधशाळेत घडते. शास्त्रज्ञ बोलत असतात, बाहेर शेवटच्या तांबड्या सूर्याला ग्रहण लागत असतं, खोलीतला उजेड ओसरत जातो, मशाली पेटतात. उजेडावरच पोट असलेल्या कलेला याहून चांगली संहिता कुठून मिळणार? १९८८ च्या चित्रपटात काय मिळालं? तीनच सूर्य, वाळवंट, एक आंधळा धर्मगुरू, पक्ष्यांकडून डोळे फोडून घेणारे भक्त आणि प्रेमप्रकरण. उजेड कमी होत चाललाय हे मुद्दाम आठवावं लागतं. असिमॉव्ह यांचा त्यात काही हात नव्हता, हे बरंच म्हणायचं. अर्थात एक अडचण खरी आहे. पडद्यावर तारे दाखवले की आपल्याला रोजचं आकाश दिसतं, त्याची भीती कशी वाटणार? पण मग कॅमेरा ताऱ्यांकडे न लावता चेहऱ्यांकडे लावायचा होता.

लांबी हीच अडचण असेल तर मायकेल आणि पीटर स्पिअरिग यांचा 'प्रीडेस्टिनेशन' (२०१४) कसा जमला, असं कुणी विचारेल. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कथेतलं बारमधलं संभाषण त्यांनी पाठलागासाठी कापलं नाही. चित्रपटाचा मोठा भाग दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात आणि सारा स्नूक ते पेलून नेते. टेड चिआंग यांच्या 'स्टोरी ऑफ युवर लाइफ'वरचा 'अरायव्हल' (२०१६) मलाही आवडतो, पण त्याने एका जागी कथेचा कणा वाकवला आहे. कथेतली मुलगी पंचविशीत गिर्यारोहणाच्या अपघातात जाते, म्हणजे टाळता येण्यासारख्या कारणाने, आणि आईला ते आधीच माहीत असतं. चित्रपटात ती असाध्य आजाराने जाते. आईने काही करायचा प्रश्नच उरला नाही, सगळं गोड दुःखात विरघळलं. चिनी सेनापतीला फोन करून युद्ध टाळणं वगैरे तर त्याहून हलकं.

सध्या जे बरं चाललंय ते आखूड प्रकारात. जे. जी. बॅलार्ड यांच्या 'द ड्राउन्ड जायंट'वरचा 'लव्ह, डेथ अँड रोबॉट्स' मालिकेतला भाग (२०२१) जेमतेम पाव तासाचा आहे. किनाऱ्याला एका राक्षसी माणसाचं प्रेत लागतं, लोक त्याच्यावर चढून खेळतात, मग हळूहळू त्याचे तुकडे विकले जातात. कुणी पळत नाही, कुणी काही वाचवत नाही. आपल्याकडे सुजॉय घोष यांनी सत्यजित राय यांच्या 'अनुकूल'वर २०१७ मध्ये केलेला हिंदी लघुपटही असाच वीसेक मिनिटांत कथेला भिडतो. घरकामाचा यंत्रमानव, त्याचा मालक, नोकरी गेलेला भाऊ, एक खोली, आणि एवढ्यात भागतं.

मराठीत तर अशा कथांची रास आहे. जयंत नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निघून जाते आणि मराठे जिंकतात, हा अख्खा इतिहासबदल कथेत घडतो तो ग्रंथालयात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या एका पानावर. गंगाधरपंत, म्हणजे प्राध्यापक गायतोंडे, मुंबईत हिंडतात, ओळखीच्या शहरातली अनोळखी नावं वाचतात, आझाद मैदानावरच्या सभेत व्यासपीठावर चढून लोकांच्या शिव्या खातात, खिशात फाटकं पान घेऊन परततात. लढाई कुठेही दिसत नाही. आज कुणी यावर मोठा चित्रपट काढला, तर अडीच तासांतले दोन तास घोडे, भाले आणि भगवे झेंडे असतील, याबद्दल पैज लावायला मी तयार आहे. लघुपट करणाऱ्या मराठी तरुणांनी त्याआधी कथेचे हक्क रीतसर मिळवावेत, एक ग्रंथालय आणि एक चांगला नट शोधावा, आणि पंचवीस मिनिटांत काम उरकावं. लढाईचं एकही दृश्य घेऊ नये.