काचेपलीकडचा माणूस

उंब्रजला यायचं ठरलं तेव्हा आम्ही विषय ‘गायक आणि निर्माता’ असा कळवला होता. त्यातला दुसरा शब्द आत्ताच मागे घेतो. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. आम्हाला बोलायचंय ते रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडे बसून ‘पुन्हा एकदा घेऊ या’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल. कंपनीत त्याला रेकॉर्डिंग ऑफिसर म्हणत. गायक, कवी, संगीतकार या तिघांची नावं तुम्हाला पाठ असतात. चौथ्याचं विचारलं की सभागृह गप्प!

आमचा चौथा माणूस म्हणजे जी. एन. जोशी. स्वतः गायक. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ त्यांनी गायली आणि त्या रेकॉर्डपासून मराठी भावगीत सुरू झालं, असं बहुतेक जण मानतात. मग १९३८ साली ते एचएमव्हीत नोकरीला लागले आणि पुढची तीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांना गायला लावण्यात घालवली. गाणाऱ्याने हे करावं, ही साधी गोष्ट नव्हे. समोरचा सूर लावतोय तेव्हा आपला गळा आवरून धरायचा.

आधी आपल्या शेजारच्या मिरजेकडे बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या. मैफलीत तास-दीड तास चालणारा राग तेवढ्यात बसवायचा. लोक म्हणतात, गाणं कापलं. आम्हाला तसं वाटत नाही. खाँसाहेबांनी त्या साडेतीन मिनिटांचं वेगळंच गाणं केलं, आणि तसलीच एक तबकडी कानात ठेवून छोटे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घरातून निघाले. पण या कामात खाँसाहेबांचा भागीदार कोण होता? आमच्या मते, घड्याळ. खरी भागीदारी दिसू लागली ती लाँग प्लेइंग रेकॉर्ड आल्यावर, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली तेव्हा. आता गायकाला काय गाऊ द्यायचं, किती गाऊ द्यायचं, हा प्रश्न माणसांच्या हातात आला.

जोशींच्या दोन रेकॉर्डी शेजारी ठेवू या. पहिलीत गायक नाही, हे आधीच सांगतो. पण ती सोडून पुढे जाता येत नाही. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या वेळेच्या रागांतून. जगभर गेली. गोड आहे, सुरेख आहे. आम्हाला मात्र ती थोडी चित्राच्या कॅलेंडरसारखी वाटते. (रागावू नका, घरी आहे आमच्या. वाजवतोही.) इथे कल्पना आधी ठरली आणि वादक तिच्यात बसले.

दुसरी, अमीर खाँसाहेबांची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, १९६० ची. खाँसाहेब सहजासहजी रेकॉर्ड द्यायला तयार होणारे नव्हते. जोशींनी त्यांना राजी केलं आणि मग मधे आले नाहीत. घाई नाही, लोकांना आवडेल असं काही जोडलेलं नाही. षड्ज टाळत टाळत तो मारवा चालतो आणि ऐकणाऱ्याला अस्वस्थ ठेवतो. आम्हाला हीच जोशींची मोठी कामगिरी वाटते. गंमत बघा, ‘व्हॅली’च्या संदर्भात जोशींचं नाव तरी निघतं. मारव्याच्या वेळी कुणाला आठवत नाही, कारण तिथे त्यांचा हात दिसतच नाही.

आता मालकीचं. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी बिनसलं, काही वर्षं दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गायकांचा हक्क मान्य झाला, फार उशिरा. आणि त्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता कोण? पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. म्हणजे व्यवहारात कंपनी. काचेपलीकडे बसून कान देणारा पगारी नोकर. त्याची मालकी कुठेच नाही.

आणि आज? आमच्या ओळखीचं एक भजनी मंडळ आहे. जवळच्याच एका छोट्या स्टुडिओत अभंग रेकॉर्ड करून आलं. मुलगा यंत्रात हुशार. पण बुवांचा आवाज इतका घोटून गुळगुळीत केला, वर इतका एको, की पखवाज कुठे गेला कळेना. बुवा म्हणाले, ‘आवाज माझाच हाय, पण मी न्हाय त्यात.’ त्या मुलाला दोष देत नाही आम्ही. तासाचं भाडं चालू असतं. ‘बुवा, दुसरा अंतरा पुन्हा घ्या, मघाचा चांगला होता’ असं म्हणायला लागणारा वेळ आणि कान, त्याचे पैसे कोण देणार? जोशींना कंपनी पगार देत होती. ती नोकरीच आता उरलेली नाही.

प्रश्न नंतर घेऊ. सूर्य मावळतोय, वेळ मारव्याचीच आहे. मागच्या मंडळींनी तेवढा पंखा बंद करा, आणि आपण रेकॉर्डची एक बाजू पूर्ण ऐकू.