दोन मैलांचे चित्र : रंजनाचे मोल आणि त्याची मापे

कलाकृतीचे मोल तिची लांबी, तीवर झालेला खर्च वा तिचा दर यांवरून ठरवू नये, हे समीक्षेचे जुने गृहीतक आहे. प्रेक्षक मात्र याच तीन मापांनी व्यवहार करीत आला आहे, आणि त्याचा हा व्यवहार निव्वळ अरसिकपणा म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची सुरतेतील हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेला हा चित्रपट पुढे सुरतेस गेला. चित्रपटाचे इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे, दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या तेथील प्रेक्षकास तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटला. ताशी हिशेब केल्यास हा दर सहापट होतो. तेव्हा त्याची तक्रार अडाणीपणाची नव्हती. फाळक्यांनी दर उतरविला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केली. प्रेक्षक येऊ लागले.

या जाहिरातीतील दोन आकडे परस्परांशी जुळत नाहीत. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. त्या हिशेबाने ५७,००० चौकटींची लांबी सुमारे ३,५६० फूट भरते, आणि चित्रपटाची नोंदलेली लांबीही ३,७०० फुटांच्या आसपासच आहे. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. पहिला आकडा विश्वसनीय, तर दुसरा जवळजवळ तिपटीने फुगविलेला होय.

परंतु या अतिशयोक्तीहून महत्त्वाचा आहे तो मापाचा पालट. काळाच्या मापात उणा पडणारा खेळ येथे वस्तूच्या मापात विपुल ठरला. नव्या कलेविषयी अभिरुचीचे निकष अद्याप घडलेले नसतात, तेव्हा त्यांची जागा संख्या घेते. म्हणून ही जाहिरात केवळ चलाखी नव्हती. डोळ्यांना न दिसणारे श्रम मोजता येतील अशा रूपात मांडण्याचा तो प्रयत्नही होता. अर्थात तो अपुराच राहिला. विम्याच्या पॉलिसीवर उभारलेले कर्ज आणि कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यात सरस्वतीबाई फाळके यांनी वेचलेले कष्ट त्या आकड्यांत कोठेच नाहीत. शिवाय, सत्तावन्न हजारांतील एक तरी चौकट कलावंताच्या दृष्टीने पाहिलेली आहे काय, हे संख्या सांगू शकत नाही.

आज चित्रपटांच्या जाहिराती कोटींचे आकडे मिरवितात. फाळक्यांनी मोजलेली चौकट निदान पडद्यावर तरी येत होती. खर्चाचा आकडा पडद्यावर काय आले याची हमी देत नाही. प्रेक्षकाने त्यास भुलणे क्षम्य आहे, कारण पैसा त्यास आधी मोजावा लागतो आणि अनुभव नंतर मिळतो. समीक्षकाची स्थिती तशी नसते. तो चित्र पाहिल्यानंतर लिहितो. त्यानेही खर्चाच्या आकड्यापासूनच आरंभ केला, तर त्याचे लिखाण जाहिरातीचा उत्तरार्ध ठरते.

'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच आज उपलब्ध मानली जातात, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. फुटांच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक चित्र नाहीसे झाले आहे. त्याचे मोल त्याच प्रमाणात घटले, असे मात्र कोणी म्हणणार नाही.