अंगठ्याखालचे बटण

हाती धरून खेळावयाच्या यंत्रांची सद्दी संपली, मोबाइलने त्यांचा इलाखा खालसा केला, असे आता सर्रास बोलले जाते. आणि बाजारपेठेच्या जमाखर्चाकडेच पाहणाऱ्याला ते पटले तर नवल नाही. परंतु ह्या कलेचा पूर्वेतिहास ज्याने आस्थेने पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की, तिचा उत्कर्ष निव्वळ सामर्थ्याच्या चढाओढीतून झालेला नाही. १९८९ साली निन्टेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट व बिनरंगी होता. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत पडद्याचा गेम गियर आणला, पण सहा सेल घालूनही तो थोड्याच तासांत मिटे, आणि चार सेलांवर कितीतरी अधिक काळ साथ देणारा गेम बॉयच लोकांनी पत्करला. जे तंत्र जुने होऊन स्वस्त व भरवशाचे झाले आहे, त्याचाच अनपेक्षित अंगाने उपयोग करावा, अशी गेम बॉयचे कर्ते गुनपेई योकोई ह्यांची श्रद्धाच होती.

स्मार्टफोनच्या अमलाची खरी झळ २०११ साली लागली. त्या फेब्रुवारीत जपानात २५,००० येनांना विक्रीस काढलेल्या निन्टेंडोच्या थ्रीडीएस ह्या यंत्राची किंमत ऑगस्टात १५,००० येनांवर आणावी लागली, आणि निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता ह्यांनी स्वतःचे वेतन निम्म्याने कमी करून घेतले. त्याच डिसेंबरात आलेला सोनीचा व्हिटा यंत्र म्हणून देखणा होता; परंतु केवळ त्यालाच चालणारी महागडी मेमरी कार्डे ग्राहकाच्या माथी मारली गेली, तेव्हा त्याच्या अपयशाचे सारे खापर मोबाइलवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

गुळगुळीत काचेला काय साधत नाही, ह्याचा उत्तम दाखला खुद्द मारिओनेच दिला आहे. २०१६ साली ‘सुपर मारिओ रन’ आयफोनवर आला, तेव्हा मारिओ आपोआप धावू लागला आणि खेळणाऱ्याकडे बहुतांशी उडीच तेवढी उरली. कारण काचेवर टेकलेला अंगठा चित्र झाकतो, आणि आपण नेमके कोठे आहोत हे त्याला डोळ्यांच्या साहाय्यावाचून कळत नाही. धावावे, थबकावे, मागे वळावे, कड्याच्या टोकाशी क्षणभर रेंगाळून मग झेप घ्यावी, ह्यातच तर त्या खेळाचे काव्य! योकोईंनी १९८२ साली योजलेल्या क्रुसाकृती बटणाच्या उंचवट्यावर अंगठा न पाहता चारी दिशा ओळखतो, आणि नजर सबंध पडद्यावर मोकळी राहते. हे बटण टाकून काचेच्या अनुकरणास लागणारे यंत्र आपले वतनच सोडून देते.

एक गुण मात्र मोबाइलपासून घ्यावाच लागेल: तो तत्काळ मिटतो व तत्काळ उघडतो. २०१७चा स्विच आणि २०२२चा स्टीम डेक ह्या यंत्रांनी तो घेतला. बटण दाबले की खेळ आहे तेथे थांबतो, पुन्हा दाबले की तेथूनच सुरू होतो, आणि म्हणूनच ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’सारखी, एकदाच दाम मोजून घ्यावयाची विस्तीर्ण कृती प्रवासातल्या वीस मिनिटांतही मावते. फुकट म्हणून दारात येऊन पदोपदी पैशाचा तगादा लावणाऱ्या मोबाइल-खेळांना ह्याहून समर्पक उत्तर नाही.

मात्र दाम मोजलेली कृती आपल्यापाशी राहिलीही पाहिजे. टेट्रिसचे १९८९चे कार्ट्रिज जुन्या गेम बॉयमध्ये घालून आजही खेळता येते. उलट मार्च २०२३मध्ये थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान बंद होताच, केवळ तेथेच मिळणाऱ्या खेळांची नवी खरेदी थांबली. जून २०२५मध्ये आलेल्या स्विच २च्या काही कार्डांत तर खेळच नसतो, तो उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. आणि हा पायंडा मला अत्यंत चिंताजनक वाटतो, कारण सर्व्हर बंद झाल्यावर नव्या यंत्रावर त्या किल्लीने काहीच उघडणार नाही.