बाळंतविडा आणि टीकाकार

घरी शिवलेली वस्तू कोणी कोणास भेट दिली की तिजविषयी आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एकच अभिप्राय ऐकू येतो. "किती प्रेमाने केले आहे हो!" एवढे बोलून झबले या हातातून त्या हातात फिरते, मांडीवरून पलंगावर जाते आणि त्याची चर्चा तेथेच संपते. हा अभिप्राय खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा असतो, आणि देणाऱ्याने वस्तूकडे बहुधा नीट पाहिलेलेही नसते. एखाद्या कवीने आपला नवा संग्रह अभिप्रायार्थ पाठवावा, आणि आम्ही "कवीने फार प्रेमाने लिहिले आहे" एवढेच छापून मोकळे व्हावे, तर तो कवी आमच्याशी पुन्हा बोलणार नाही. आणि त्यात त्याचे काही चुकले असेही कोणी म्हणणार नाही.

स्वयंपाकाची गोष्ट निराळी आहे. आमटीत मीठ कमी पडले तर नवरा, सासू, पोरे सगळी बिनदिक्कत बोलतात. ह्या बोलण्यात पुष्कळदा उद्धटपणाच अधिक असतो, हे खरे. तरी त्यात एक कबुली दडलेली असते, ती अशी की स्वयंपाक हे काम आहे. ते साधते किंवा बिघडते, आणि कशाने बिघडले हे सांगता येते. म्हणूनच लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्रा'पासून कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरे'पर्यंत त्या विद्येस ग्रंथ लाभले आणि वाचकही लाभले. सुईदोऱ्याचे काम मात्र आम्ही भावनेच्या खात्यावर मांडून ठेवले. ते खाते असे आहे की त्यात जमा पुष्कळ होते, हिशेब कधीच होत नाही.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे ह्यावर कोणी म्हणेल. घेणाऱ्याने मोजू नयेत, हे आम्हांसही मान्य आहे. पण जिने शिवले ती स्वतः काय करीत असते? ती चार बोटे शिवते, लांब धरून पाहते, आणि न आवडले तर उसवते. म्हणजे टीका त्या वस्तूच्या जन्मातच आहे. ती बाहेरून कोणी आणावयाची नाही. शिवणारीने रात्री दिव्याखाली तीनदा उसवलेला गळा सकाळी पाहुण्यांनी न पाहताच वाखाणावा, ह्यात तिचा गौरव कोणता?

उदाहरणावाचून हे बोलणे कोरडे राहील, म्हणून एका बाळंतविड्याचे परीक्षणच येथे करतो. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात रोहणा नावाचे गाव आहे. हा सगळा मुलूख काळ्या मातीचा आणि कपाशीचा. जवळच्या पुलगावास एके काळी कापडगिरणी होती, ती बंद पडली. पुलगावाहून आर्वीस जाणारी अरुंद रुळांची आगगाडीही आता धावत नाही. कपाशी मात्र शेतांत अजून आहे. तेथील एका घरी नातवासाठी आजीने व मावशीने मिळून शिवलेला बाळंतविडा आम्हांस सवडीने पाहावयास मिळाला. त्यात दुपटी, झबली, टोपडी आणि एक कुंची होती.

दुपटे तीन पदरांचे होते. तिन्ही पदर जुन्या सुती लुगड्यांचे, धुऊन धुऊन इतके मऊ झालेले की हातास कापडाचा स्पर्श न होता उबेचाच व्हावा. पुष्कळ घरांत तान्ह्या मुलास पहिल्या दिवसांत नवे कापड घालीत नाहीत. त्यास शास्त्राचा आधार असो वा नसो, कातडीचा आहे. कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या अंगास सोसत नाही. लांबी 36 इंच, रुंदी 30 इंच. धावदोरा काठापासून आत, चौकोनात चौकोन असा फिरत मध्यास पोचलेला. ओळी पाऊण पाऊण इंचावर, आणि एका इंचात सुमारे चार टाके. वाचकांनी गुणाकार करून पाहावा: साडेपाच हजारांहून अधिक टाके भरतात. "प्रेमाने केले" ह्या दोन शब्दांत हे साडेपाच हजार टाके कोठे जातात, असा आमचा प्रश्न आहे.

परंतु टाक्यांची संख्या हा काही गुण नव्हे. नाहीतर लांबलचक महाकाव्ये सगळीच श्रेष्ठ ठरती. दुपट्याचा खरा गुण दोऱ्याच्या ओढीत असतो. ओढ जास्त झाली तर कापडास चुण्या पडतात आणि त्या पाठीस रुततात. सैल राहिली तर पदर आपसांत सरकतात आणि दहा धुण्यांत आत गोळा होतो. दुपटे दिवसातून दोनदाही धुवावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या एका गुणाचे मोल कळेल. रोहण्याच्या दुपट्यात ओढ आरंभापासून शेवटापर्यंत एकसारखी आहे. टाके मात्र एकसारखे नाहीत. मध्याकडे येता येता ते लांबत गेले आहेत. तेथे बहुधा दिवस भरत आले असावेत आणि घाई झाली असावी. गाठी सगळ्या दोन पदरांच्या मध्ये लपविलेल्या. एकही गाठ बाळाच्या बाजूस नाही, आणि ह्या गोष्टीवर आम्ही ह्या कामास उत्तम म्हणतो. काठाचे रंग जुळविण्याचा प्रयत्न केलेला नाही. एका अंगास हिरवा काठ, दुसऱ्या अंगास विटलेला तांबडा, आणि मधोमध एक दंड. लुगडे मध्यावर विरले म्हणजे तेवढा भाग कापून चांगले तुकडे जोडीत, त्या जोडास दंड म्हणत. तो दंड मोडून न टाकता तसाच आत घेतला आहे. आम्हांस तो आवडला. त्या लुगड्याचे सगळे आयुष्य तेथे एका रेघेत वाचता येते.

झबल्याविषयी इतके चांगले लिहिता येत नाही. शिवणी बाहेरच्या अंगास ठेवल्या आहेत, गुंड्यांऐवजी बंद लावले आहेत, आणि बाही इतकी ऐसपैस आहे की बाळाचा हात न मुरगळता आत जावा. येथवर सर्व शहाणपणाचे. पण गळ्यास पट्टी लावली ती कोऱ्या, कडक कापडाची. तान्ह्या मुलाची मान असते नसते एवढीच. तिच्या वळीत ही पट्टी काचणार. पट्टी दिसते सुरेख, आणि तेच तिचे वैगुण्य आहे. शिवणारीचे लक्ष तेथे क्षणभर बाळाकडून पाहणाऱ्याकडे वळले. कुंचीत तर ते पुरतेच वळले आहे. खणाची कुंची, तीस जरीची किनार, आत अस्तर, पाठीवर लांब पडदा. बारशाच्या दिवशी चारचौघींत ती शोभेल ह्यात संशय नाही, पण डोक्याचा घेर मोठा झाल्यामुळे ती बाळाच्या नाकावर उतरते. घरातील एका वृद्ध आत्याबाईंनी हे सर्व आमच्याआधी पाहिले होते. त्यांनी प्रत्येक वस्तू प्रथम उलटी केली आणि मगच सुलटी पाहिली. झबल्याच्या गळ्यातून बोट फिरवून त्या एवढेच म्हणाल्या, "हे टोचंल." आमच्या मते त्या दिवशी त्या घरात टीकाकार म्हणावयाचे तर त्या एकट्याच होत्या.

पाहणाऱ्यासाठी शिवावयाचे की अंगासाठी, हा भेद एकदा हाती आला म्हणजे रुखवताविषयी फार लिहावयास नको. मण्यांचे मोर, लोकरीचे कुत्रे आणि ज्यांवर कोणी कधी बसणार नाही अशी भरतकामाची आसने ह्यांनी मांडव सजतो, आणि मांडवाबरोबर त्यांचे काम संपते. आता तर रुखवत बाजारात तयार मिळते, आणि बाळंतविडाही खोक्यात बांधून मिळतो. त्याचे आम्हांस दुःख नाही. विकत घेतलेले झबले चांगले असेल तर ते घरच्या वाईट झबल्याहून चांगलेच. मात्र ही तुलना करावयाची तर घरच्या झबल्याचे गुणदोष आधी बोलून दाखवावे लागतील, आणि तेथेच आमची जीभ अडखळते.

बंगाल्यात हे काम आमच्या आधी झाले. जुन्या साड्यांचे पदर एकावर एक शिवून तेथील बायका कांथा करीत; गुरुसदय दत्त ह्यांनी त्या जमविल्या, आणि स्टेला क्रामरिश ह्या विदुषींनी 1939 साली त्यांवर स्वतंत्र निबंध लिहून त्यांस कलेच्या चर्चेत बसविले. आमची गोधडी त्याच जातीची, तितकीच जुन्या वस्त्रांतून जन्मलेली. तिच्या वाट्यास आठवणी पुष्कळ आल्या, परीक्षण फारसे आले नाही. अमेरिकेत अलाबामातील गीज बेंड ह्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतकामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्यांचे 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरले, आणि टीकाकारांनी त्यांस आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीस बसविले. हे मोठे झाले. पण आम्हांस त्यातही एक न्यून दिसते. भिंतीवर टांगलेल्या गोधडीचा रंग दिसतो, आकार दिसतो. ती अंगावर किती जड पडते आणि पहाटेच्या थंडीत तिचा कोणता कोपरा उघडा राहतो, हे भिंतीवर दिसत नाही.

प्रेमाच्या कथेने कामाचा हिशेब कसा झाकला जातो, ह्याचे एक नामांकित उदाहरण यंत्राच्या इतिहासात आहे. 1924 साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्रास आपल्या आक्षेपांतून वगळले. सिंगरने आपल्या पत्नीस हाताने शिवताना शिणलेली पाहिली आणि तिच्यावरील प्रेमामुळे यंत्र रचले, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्र उपयोगी आहे, हा निर्णय आम्हांसही मान्य. कथा मात्र टिकत नाही. 1851 साली यंत्राचे पेटंट घेणारा आयझॅक सिंगर हा नाटकांत काम करणारा, धंद्यात चतुर असा गृहस्थ. त्याचे संसार एकाच काळी अनेक घरी चालत असत. त्याच्या आधी एलियस हौ ह्याने 1846 मध्ये पेटंट घेतले होते, आणि दोघांत पुढे कज्जेही झाले. इतका निष्ठुर परीक्षक असलेल्या पुरुषासही शिवणकामाशी गाठ पडताच प्रेमाची कथाच आठवावी, ह्यावरून ह्या सवयीचे बळ दिसते.

आणि गांधीजींच्या स्वतःच्या भेटवस्तूचे तरी काय झाले? 1947 च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथच्या विवाहास त्यांनी आपण कातलेल्या सुताचे जाळीदार वस्त्र पाठविले. राणी मेरींस तो गांधीजींचा पंचाच वाटला आणि त्या रुष्ट झाल्या, अशी हकीकत सांगतात. 1942 साली इंदिराबाईंच्या विवाहात वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी होती, तीही कथा प्रसिद्ध आहे. दोन्ही कथांत सूत कोणी कातले हे सगळ्यांस पाठ. ती जाळी कोणत्या हातांनी गुंफली आणि साडी कोणी विणली, हे विचारणारा क्वचित भेटतो.

तथापि ज्या वर्ध्याच्या परिसरात आम्ही हे परीक्षण केले, तेथे सुतापुरता तरी न्याय निराळा होता. 1936 पासून सेवाग्राम, 1938 पासून वर्ध्याचे मगन संग्रहालय आणि त्याआधीपासूनचे विनोबांचे आश्रमजीवन ह्या सर्वांत कातणे हा यज्ञ मानला गेला. पण यज्ञ म्हणून कोणी सुताची परीक्षा सोडून दिली नाही. सुताचा अंक काढीत, ताकद पाहत, सारखेपणा पाहत. जे सूत मागावर तुटे, त्यास श्रद्धेचे म्हणून सूट नसे. गांधीजींच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 रोजी पवनारास धाम नदीत विसर्जित झाल्या, आणि पुढे त्या दिवशी तेथे सूतांजली वाहण्याचा प्रघात पडला. स्वहस्ते कातलेली एक गुंडी, म्हणजे 640 तार. श्रद्धांजलीचे माप तारांत ठरविताना तेथे कोणाच्या भावनेस धक्का बसला नाही. मग धामेच्या काठी जे सुतास चालले, ते रोहण्याच्या झबल्याच्या गळ्यास का चालू नये, हे आम्हांस अद्याप कोणी सांगितलेले नाही.